गाळलेला प्रश्न

मंडळी, ऐका! शिकला शिकला म्हणतो आपण — पण माणूस शिकला हे ओळखायचं कशावरून? पदवीवरून? अहो, मग आमच्या शेजारचे... नको! समोरच बसलेत!

तर वेणू भोईटे नावाची एक मुलगी. भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती, अभ्यास विहिरींच्या पाण्याचा. मागच्या खेपेला तोंडी परीक्षेत बोबडी वळली आणि नापास झाली! आता ही शेवटची संधी. हुकली, की पदवी गेली!

तिचे पाठारे सर भारी मायाळू. त्यांची रीतच होती — प्रश्न ठरलेले, क्रमही ठरलेला! बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ते जेवतानाच सांगून ठेवायचे. वेणूनं सगळं घोकलं. अगदी घडाघडा!

परीक्षक आले उमराणीकर. जेवणात बासुंदी! मग काय विचारता? पंखा फिरतोय, पडदा हलतोय, डोळे पेंगुळलेत... आणि त्या गुंगीत एक प्रश्न गाळला की हो त्यांनी! विचारलं, "काळ्या खडकात पाणी साठतं कसं?" आणि वेणू म्हणाली, "सर, पावसाची नोंद रोज सकाळी घेतली."

अरे देवा! गाळलेल्या प्रश्नाचं उत्तर! पाठारे सरांना घाम फुटला. वेणू पांढरीफटक.

उमराणीकरांची झोप उडाली. पण रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "बाळ, पाठ केलेलं राहू दे. डोळे मीट. विहिरीच्या काठावर बस. काय दिसतं?"

वेणूनं डोळे मिटले. "सर... खाली गार आहे. फटीतून पाणी झिरपतंय. जुनं पाणी, माझ्या जन्माआधी पडलेलं. वाट शोधत शोधत आलंय... पण एक विहीर मला कळलीच नाही, सर. वैशाखात बाकीच्या आटतात, हिचं पाणी वर चढतं! मी नुसती बघत बसायची. उत्तर सापडेना, म्हणून प्रबंधात लिहिलं नाही."

"मग आता?"

"पुन्हा जाईन. वरच्या अंगाला पाणी कुठं मुरतं, ते शोधीन."

"पाठारे, पोरगी पास!" उमराणीकर उठलेच. "पुढच्या वर्षी प्रश्न माझे — आणि बासुंदी परीक्षेनंतर!" वेणूला रडूच कोसळलं, मंडळी.

आता तुमचं बघू! आरती कशी घडाघडा म्हणता! एक कडवं सुटलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे! उद्या त्या देवानंही मधलाच प्रश्न गाळला, आणि म्हणाला, "बाळ, डोळे मीट," तर?

मिटा बरं. टाळ जरा थांबू दे. आणि सांगा त्याला खरं खरं — देवा, एवढं एक मला अजून कळलेलं नाही.