ऋतुजाचा विषय आन् माझी जागा

माझं माहेर चाकणच्या पलीकडलं, रस्त्यापासून आत. आता बघाल तर गाव सापडायचं न्हाई, गोडाऊनच दिसतील, पन तवा कांदा, बाजरी, भुईमूग आन् एक हीर, एवढंच व्हतं. आमी दोघंच, मी आन् माझा थोरला भाऊ, दादा. वडलांनी मला सातवीपर्यंत शिकवली, मग कासारवाडीचं स्थळ आलं, पोरगा वर्कशॉपात हाय, पगारी हाय, म्हनून दिली लावून. काय सांगू तुमाला, कासारवाडीत आले आन् बघते तर बायका नळावर भांड्यावरनं भांडतायत, मला वाटलं ह्या सरळ हिरीवर का जात न्हाईत.

आमचे हे चांगले व्हते. बोलायचे कमी. मूलबाळ झालं न्हाई, पन त्यावरनं त्यांनी मला कधी टोचलं न्हाई, सासूनं टोचलं तर म्हनायचे, आई, जेव आता. पुढं कावीळ झाली, अंगात मुरली, गेले. दादा आला, म्हनला चल घरी. म्या म्हनलं, घरी येऊन काय करू, तुझ्या बायकोच्या हाताखाली भाकऱ्या थापू? हितं निदान काम मिळंल. आन् मिळालं, ह्यांच्याच वर्कशॉपच्या शेठनं घेतलं. रबराच्या रिंगा असतात, गाडीला लागतात, साच्यातनं निघाल्या की कडंला पातळ पातळ रबर चिकटून राहतं, ते कात्रीनं काढायचं. दिसभर तेच. बोटं बघा माझी, हा अंगठा असाच राहिला आता, सरळ होत न्हाई.

दादाशी माझं वाकडं कधीच न्हवतं, हे आधी सांगते, न्हाईतर तुमी ऐकून म्हनाल भाऊ वाईट. वाईट न्हाई. भाऊबीजेला यायचा, येताना कांद्याची गोनी, शेंगा, वहिनीनं केलेल्या कुरडया. वडील गेले तवा तलाठ्यानं जमिनीवर दोघांची बी नावं लावली, मला ठाऊक व्हतं, पन ठाऊक असनं येगळं. मनात ती दादाचीच. कुनी इचारलं तर म्या म्हनायची, माहेरी जमीन हाय, भावाची.

ऋतुजा त्याची पोरगी. तिच्या पाठीवर एक भाऊ. पोरगी हुशार, बारावीला चिंचवडच्या कालेजात कॉमर्सला, आन् चाकणवरनं रोज यायचं म्हंजे निम्मा जीव त्या ट्राफिकमधीच जातो, म्हनून दादा म्हनला हिला तुझ्याकडं ठिवतो. मला काय, सोनंच की. एका खोलीत आमी दोघी. सकाळी ती माझी येनी घालायची, मी तिचा डबा करायची.

तर बारावीला त्यांना प्रकल्प असतो. त्यांच्या म्याडमनी सांगितलं, घर, जमीन, बांधकाम, ह्यातला कुठला बी विषय घ्या, पन आपल्या भागातला घ्या. झालं, पोरगी विषयावर बसली आन् विषय काय सुचंना. मेट्रो घेते म्हनाली, ती निम्म्या वर्गानं घेतली व्हती. फ्लॅटच्या जाहिराती घेते म्हनाली, दोन दिसांनी तिलाच कंटाळा आला. दादाला फोन केला तर दादा खूश, म्हनला आपल्या गावच्या जमिनीचे भाव कसे वाढले ते लिही, मी तुला गोडाऊनवाल्या शेठकडं नेतो, तो सगळं सांगंल. ती म्हनाली बरं पप्पा. लिहायला बी बसली.

त्यातच आमच्या घरमालकानं निरोप दिला, चाळ पाडायचीय, बिल्डिंग करायचीय, खोल्या खाली करा. मानूस भला, मुदत दिली. म्हनून रविवार आला की आमी दोघी खोली बघायला. पिंपळे गुरवला एक बाई, तोंडावर हसू, खोली दावली, वट्टा दावला, मग इचारलं घरात पुरुषमानूस कोन. म्या म्हनलं कुनी न्हाई, मी आन् ही भाची. तर म्हनली, अहो मग कसं, रात्री-बेरात्री काय झालं तर जबाबदारी कुनाची. दुसरीकडं एक म्हातारा, तो म्हनला फॅमिलीलाच देतो. ऋतुजा म्हनाली, काका, आम्ही फॅमिलीच आहोत. तो हसला, दार लावलं. एजंट म्हनला मारुंजीला बघा, तिकडं एकट्या बायकांना देतात, पन त्या कंप्युटरवाल्या पोरींना हो, तिथलं भाडं ऐकून मी उभ्या उभ्या पानी प्याले.

मला त्याचं काय वाटत न्हवतं, खरंच सांगते, मला सवय. पन पोरीला ते लागलं. घरी आल्यावर मी चहा ठिवला, तर म्हनते, आत्या, मला विषय मिळाला. एकट्या बाईला घर का मिळत नाही. म्या म्हनलं, असल्या विषयाला मार्क देतील का? दुसऱ्या दिवशी म्याडमना इचारून आली. म्याडम म्हनल्या, विषय चांगला हाय, पन पुस्तकातनं लिहू नको, बायकांना भेट.

मग माझ्याच वर्कशॉपातल्या बायकांना भेटली. डबा खायच्या सुट्टीत यायची, आमच्यात मांडी घालून बसायची. एकीला नवऱ्यानं टाकलेली, एकीचा नवरा तिकडं लातूरकडं, एक माझ्यासारखीच. पहिल्यांदा लाजल्या, मग थांबंनात. सगळ्यांना ती शेवटी एकच इचारायची, माहेरी काय आहे का तुमचं? मला बी इचारलं. म्या नेहमीचं सांगितलं, हाय की, दादाची जमीन हाय. तर पोरगी म्हनली, दादाची कशी गं, आजोबांची ना? बाकीच्या बायका खायच्या थांबल्या. सुट्टी संपली, आमी कात्र्या उचलल्या.

ते माझ्या मनात बसलं व्हतं आन् त्याच महिन्यात दादा आला. वहिनी बी संगट, पेढे घेऊन. म्हनला, रस्त्याकडची जमीन गोडाऊनवाल्यांना देतोय, त्यांना कागद साफ पायजे, मंगळवारी चाकणला ये, हक्कसोडीवर सही कर, गाडी पाठवतो. हक्कसोड म्हंजे माझा वाटा म्या सोडला असं लिहून द्यायचं. सगळ्याच बहिनी देतात. मी सवयीनं व्हय म्हनून बसले.

तर ऋतुजा आतनं म्हनली, पप्पा, आत्याला राहायला जागा मिळत नाहीये. दादा म्हनला, मिळंल, मी बघतो. ती म्हनली, आम्ही बघितली, मीच बरोबर होते, माझा प्रकल्पच त्याच्यावर आहे. दादाचा चेहरा उतरला. म्हनला, तुला जमिनीच्या भावावर लिहायला सांगितलं व्हतं, हे कुनी शिकवलं? आन् माझ्याकडं बघितलं.

मोठ्या भावापुढं कधी बोललेली न्हाई मी. पन त्यानं बघितलं ना तसं, मग बोलले. म्हनलं दादा, म्या काय शिकवलं न्हाई, पन पोरगी खोटं बोलत न्हाई. मला तुझा पैसा नको, गोडाऊनमधला वाटा नको. गावात घराला जागा दे, माझ्या नावावर कर, मग बाकीच्यावर तू म्हनशील तिथं सही करते. तो म्हनला, आधी सही कर, मग बघू. म्या म्हनलं न्हाई. आधी जागा.

न्हाई हा शब्द म्या त्याला जन्मात पहिल्यांदा वापरला. तो उठला, पोरीला म्हनला बॅग भर. ऋतुजा रडली, वहिनीनं बॅग भरली. नेली पोरीला. पेढ्याचा पुडा तसाच राहिला, शेजारी वाटला मी.

त्यानंतर घर खायला उठलं मला. पोरगी चाकणवरनं बसनं ये-जा करायची, वाळली निम्मी. चाळीची मुदत संपली तवा वर्कशॉपातलीच एक म्हनली माझ्याकडं ये, तिच्या खोलीत पडदा लावून राहिले. दोनदा फोन हातात घेतला, सांगावं दादाला, जाऊ दे, घे सही. का न्हाई केला, ते मला बी नीट सांगता यायचं न्हाई. भाऊबीज आली तशी गेली.

आन् दादाला फिरवलं कुनी, तर वहिनीनं. तिनं मला मागनं फोनवर सांगितलं. दादा पोरीला म्हनत व्हता विषय बदल, गोडाऊनवाल्या शेठचा दे, तर वहिनी चुलीपुढनं म्हनाली, राहू द्या तिचा विषय. उद्या हिचा भाऊ मोठा हुईल, तो हिच्याकडं कागद घेऊन येईल, तवा हिनं बी मुकाट सही करायची का? आन् हिला जागा मिळाली न्हाई तर कुनाच्या पडद्याआड राहायचं? दादा त्या दिशी जेवला न्हाई म्हनं. वहिनी मला म्हनाली, वन्सं, मी तुमच्यासाठी न्हाई बोलले, माझ्या लेकीसाठी बोलले. म्या म्हनलं, कुनासाठी का असंना, बोललीस.

दिली जागा दादानं. गावाच्या मागल्या बाजूला, वढ्याकडं, रस्त्याकडची न्हवं, ते काय तो देनार न्हवता. पन आधी माझ्या नावावर केली आन् मग म्या सही केली, हसत केली. वर्कशॉप सोडलं तवा शेठनं हिशोबाचे जे पैसे दिले, त्यात दोन खोल्या उभ्या केल्या, पत्र्याच्या, अजून गिलावा व्हायचाय. आता हितल्या कंपनीच्या कँटीनमधी चपात्या लाटते, सकाळची शिफ्ट. ऋतुजानं विषय बदलला न्हाई. मार्क किती ते म्या इचारलं न्हाई, म्याडमनी वर्गात वाचायला लावलं एवढं सांगत व्हती. ती आता बी.कॉम.ला हाय, सुट्टी असली की येते, लोळते, जाते. देव तिला लई शिकवो.

दादा अजून घरात पाऊल टाकत न्हाई. मागल्या आठवड्यात मला ताप व्हता, दोन दिस कामावर गेले न्हाई, तर संध्याकाळी बघते, अंगनात उभा. चप्पल काढंना, वर येईना. तिथनंच म्हनला, भाकरी खाल्ली का? म्या म्हनलं व्हय. मग भिंतीकडं बघितलं, म्हनला, पावसाच्या आत गिलावा कर, ओल येईल. आन् गेला. चालंल मला तेवढं. औक्ष मिळो त्याला.