गंगीचा राग

राग कसा उतरतो, ते मी तिसरीत पाहिलं. मानोऱ्याच्या शाळेत माझ्या बाजूला तांड्यावरची गंगी बसायची. एका सकाळी ती सगळ्यांना मारत सुटली, माझी पाटीसुद्धा फोडली. आता छडी बसणार, असं वाटलं. पण गुरुजी तिच्याजवळ खाली बसले.

"काहून राग आला वं?"

"माय कामाले दूर गेली. मले नेलं नाही." ती रडू लागली.

गुरुजींनी वर्गाला विचारलं, "मायची आठवण कोणाले येते?"

कोणीच हात वर करेना. तेव्हा गुरुजींनी स्वतःचाच केला. मग हळूहळू सगळ्यांचे हात वर गेले.

गंगीनं डोळे पुसले. "तुमची माय बी कामाले गेली?"

"नाही वं. माही माय वारली. तुही माय होळीले येते."

 गंगी म्हणाली, "माय आली का तुमी बी आमच्या घरी या. तिले सांगतो मी."