लेथवर चौतीस वर्षं

आणि वर म्हणतो कसा, “बाबा, तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!”

जावई हो आमचा, श्रीराम. पद्माचा नवरा. बंगळुरूला असतो. तुम्हाला सांगतो, जावयानं सासऱ्याला काय द्यावं? स्वेटर द्यावा, मफलर द्यावा, बनारसची थंडी आहे, फार तर कानटोपी द्यावी… ह्यानं काय पाठवलं? लेथ! लाकूड कातायचं लेथ, एवढंसं, टेबलावर मावणारं, आणि सोबत एक खोका, त्यात एकवीस पुड्या, प्रत्येक पुडीत एक पितळी टोपण आणि एक चिमुकलं पातं. शिवणीतले टाके उसवायचं हत्यार असतं ना, ते. पातं त्यांचं, मूठ आपण करायची. ठोकळा घ्या, लेथवर चढवा, गोल करा, भोक पाडा, पातं बसवा, झालं! असं त्या कागदावर लिहिलंय. शेजारी एका गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, हसतोय. हसेल नाहीतर काय! त्याच्या बायकोनं त्याला वाणाचे एकवीस नग थोडेच सांगितले होते!

गरज होती का? सांगा ना तुम्ही, गरज होती का?

आता तुम्ही म्हणाल, नीलकंठराव, तुम्ही तर रेल्वे इंजिनाच्या कारखान्यातले, चौतीस वर्षं लेथवर काढलीत… थांबा. इथंच तर गोम आहे. जरा जवळ या, ते दार लोटा… हां. मी कारखान्यात होतो हे खरं. चौतीस वर्षं होतो हेही खरं. तिथं लेथ होती, घराएवढी, हेही खरं. पण मी होतो स्टोअरमध्ये! कागद यायचा, नट पाच, बोल्ट दहा, मी सही करायचो, माणूस नट घेऊन जायचा. लेथला माझा हात लागला तो एकदाच, घसरून पडता पडता!

मग हे इंजिनाचं आलं कुठून? लग्न जमवताना आमचे काशीनाथमामा मुलीकडच्यांना म्हणाले, “मुलगा डिझेलची इंजिनं करतो.” मी खोटं बोललो नाही हं! मी फक्त “नाही” म्हणालो नाही. समोर शरदिनी पोह्यांची बशी घेऊन उभी, डोळे हे एवढे मोठे करून बघतेय, अशा वेळी कोण म्हणेल की नाही हो, मी नट देतो? तुम्ही म्हणाल? आणि मग ते वाढतच गेलं. कँट स्टेशनवर गाडी आली की ही पोरांना सांगायची, “नमस्कार करा रे, बाबांचं इंजिन!” आणि पोरं करायची हो! पद्मा तर फ्रॉक सावरून वाकायची. मला तिथल्या तिथं भुईत शिरावंसं वाटायचं, आणि… खरं सांगू? बरंही वाटायचं. फार बरं वाटायचं. पोरांच्या डोळ्यांत तेवढं एक दिसायचं, ते घालवायची माझी छाती नव्हती. अजूनही नाही.

तर लेथ आलं. ही त्याच दिवशी मुन्शी घाटावरच्या झाडून सगळ्या मराठी बायकांना सांगून आली, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण ‘ह्यांच्या हातचं’! एकवीस सवाष्णींना एकवीस. प्रभावतीकाकू लगेच, त्यांचा आवाज म्हणजे देवळातली घंटा, “अगं शरदिनी, सवाष्णींना उसवायचं हत्यार देतात होय वाण?” तर ही म्हणते, “काकू, जिला उसवता येतं तिलाच नीट शिवता येतं.” काकू गप्प! तीस वर्षांत मी काकूंना गप्प झालेलं पाहिलं नव्हतं, आणि झाल्या त्या नेमक्या ह्या कामी! जरा अजून भांडल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बसलो. दार लावून बसलो. शिसवीचा ठोकळा चढवला, बटण दाबलं, पटाशी टेकवली, टेकवली म्हणतोय, दाबली नाही, तर ठोकळा जो सुटला तो माझ्या कानावरून, खिडकीतून, समोरच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पांडेजींच्या पाठीत! “कौन है बे!” मी टेबलाखाली. दुसरा ठोकळा जागेवर राहिला, पण बारीक होता होता इतका बारीक झाला की शिसवीची दातकोरणी झाली. तिसरा एकीकडून गोल, एकीकडून चौकोनी… आणि बाहेरून ही, कौतुकानं, “अहो, किती छान आवाज येतोय!” गरज होती का?

चौथ्या दिवशी पिशवीत ठोकळे आणि पाती भरली, “भाजी आणतो” म्हणालो, आणि रिक्षा करून थेट खोजवाँ, लाकूड कातणाऱ्यांचा मोहल्ला! तिथं बिसेसर चाचा. आईबापांनी नाव ठेवलं विश्वेश्वर, पण बनारसात एवढं म्हणायला कुणाचं तोंड पानातून मोकळं असतं? खरादावर, म्हणजे त्यांच्या लेथवर, सिंधोरे करतो, लग्नातले कुंकवाचे लाकडी करंडे. पद्माच्या लग्नातला करंडा त्याच्याकडचाच. पान गालात सारलं आणि म्हणाला, “का गुरू! जिनगी भर इंजन बनउला, अउर ई चार अंगुर क मुठिया नाहीं बनत?” जन्मभर इंजिनं केलीत, आणि चार बोटांची मूठ जमेना! बघा! हिनं तिथंही सांगून ठेवलेलं! मी हात मुरगळल्याची थाप मारली, “हाथ में मोच आयी है.” तो म्हणाला, “कउने हाथ में?” मी घाबरून दोन्ही पुढे केले.

पण हात काय हो त्या माणसाचा! पटाशी टेकवली की लाकूड काकडीच्या सालीसारखं सुटत यायचं. दुपारपर्यंत एकवीस मुठी, पाती बसवून तयार! मी आपला डोळे भरून बघतोय, तेवढ्यात त्यानं फिरत्या मुठीला लाखेची कांडी टेकवली, लाल कडं, पिवळं कडं, हिरवं कडं! मी ओरडलो, “अरे चाचा, सादा रखो, सादा!” तर म्हणतो, “नंगी लकड़ी सुहागिन के हाथे में देबा?” घ्या! एकवीस मुठी म्हणजे एकवीस पिल्लू सिंधोरे! आंधळ्यानं चाचपून सांगावं, हे खोजवाँचं काम! गरज होती का?

घरी आणल्या, दुसऱ्या दिवशी लेथजवळ मांडल्या. हिनं एक उचलली, फिरवली, अंगठ्यानं कडं चोळलं. “छान झाल्यात,” म्हणाली. मग म्हणाली, “आणि कालची भाजी?”

हळदीकुंकू झालं. बायका खूश! “अगबाई, किती गुळगुळीत!” “कारखान्यातला हात आहे बाई!” मी आतल्या खोलीत फुगून बसलेला, तेवढ्यात घंटा वाजली, प्रभावतीकाकू, “नीलकंठराव, एक आमच्यासमोर करून दाखवा की!” एकवीसच्या एकवीस बायका लेथभोवती! ठोकळा चढवला. हिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत नाही, निरांजनाच्या वातीकडे बघतेय. मनात म्हटलं, संपलं, विश्वनाथा, म्हातारपणी संपलं सगळं… बटणावर बोट ठेवलं, आणि बत्ती गेली! अख्ख्या मोहल्ल्याची गेली! जन्मभर त्या बत्तीला शिव्या घातल्या, त्या दिवशी काळोखात हात जोडले.

बायका गेल्या. ही कुंकवाचा करंडा मिटता मिटता म्हणाली, “अहो, चौतीस वर्षं तुमचे शर्ट कोण धूत होतं?”

मी म्हटलं, “तू.”

“शेजारचे दुबेजी फिटर होते. त्यांची बायको कॉलरचं काळं तेल काढता काढता रडायची. तुमच्या शर्टाला डाग कुठला, तर खिशाला शाईचा. लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं मला.”

पंधरा दिवसांत! आणि मी चौतीस वर्षं भुईत शिरतोय! डोळ्यांत पाणीच आलं हो. कसंबसं म्हटलं, “मग बोलली का नाहीस?”

“बोलू काय? तोवर नागपूरला भावाजवळ, वहिनीजवळ, सगळ्या माहेरात मिरवून बसले होते, हे इंजिनं करतात म्हणून! आणि पोरं नमस्कार करायची तेव्हा तुमचं तोंड… जाऊ दे. उठा. रथसप्तमीला काकू पुन्हा येतायत, बरोबर माझी वहिनी येतेय नागपूरहून, मुद्दाम तुमचं काम बघायला. अकरा दिवस आहेत.” आणि ठोकळा माझ्या हातात!

पाच दिवस झाले. ठोकळा उडतो, ही उचलून आणते, फुंकर मारते, परत देते, “पुन्हा करा.” पांडेजी हेल्मेट घालून पतंग उडवतात. तुम्हाला सांगतो, खोटं माझ्या एकट्याचं होतं तोवर खोजवाँपर्यंत रिक्षा करून भागत होतं हो… आता दोघांचं निघालं. म्हणजे आता खरंच शिकावं लागणार!