समीक्षाची बाटली, बबनरावचं नाक

...मोबाईलनं पोट्टे बिघडले म्हने! बिघडले असतीन, मी कुठं नाही म्हनतो? पन मग खांदा माहा काहून उतरला? हा हात पाहा, गळ्यात लटकून राह्यला! तुमाले सांगतो, मी चंपत, मंगरूळपीरच्या बाजूले वावरात वांगे अन सांबार, मंजे कोथिंबीर, लावनारा सीधा मानूस, अन मले मार पडला शाळेत! शाळेत, बावा! शिकत होतो तवा बी एवढा नाही खाल्ला.

झालं काय, माही पोरगी समीक्षा, नववीत, सायकलवरून चिखलात पडली. पडली त पडली! पन तिच्या वर्गातला लखन, बबनरावचा पोरगा, त्यानं तिले उचलाचं सोडून व्हिडिओ काढला, त्याले म्हशीचा आवाज लावला अन देला मोबाईलवर टाकून. साऱ्या गावानं पाह्यला. मी बी पाह्यला... हासलो बी! तोंडाले चिखल, मले काय माहीत आपलीच पोरगी हाये म्हनून?

दुसऱ्या दिवशी ही बया शाळेत गेली, दप्तरातून स्टीलची बाटली काढली, पान्यानं भरलेली, अन लखनच्या कपाळावर असी हानली... फाटकन! रक्ताची धार! पोट्टं खाली, तरी हिनं अजून एक हानली. 'काढ आता व्हिडिओ! काढ ना!' टाके पडले त्याले. डोळा थोडक्यात वाचला.

मोबाईलनं पोट्टे बिघडले म्हने!

आता तवाच शाळेत आल्या होत्या वैभवी मॅडम, पुन्याकडच्या. संशोधन करून राह्यल्या होत्या. कायचं? त या वयातले पोट्टे काहून पेटतात, मोबाईलनं, शाळेनं का घरानं. त्याइले त आयतंच सापडलं! दोनी घरच्या मायबापाले बोलावलं हेडमास्तरच्या खोलीत. इकडे मी अन माही बायको प्रयागबाई, तिकडे बबनराव अन त्याची सोजरबाई.

मॅडम लय गोड बोलते. 'समीक्षा घरी किती वेळ मोबाईल पाहते?'

म्हनलं, 'कुठून पाहीन? घरात मोबाईल एकच, तो माह्यापाशी.'

'मग तुम्ही काय पाहता?'

'काही नाही... मारामाऱ्या.'

प्रयागबाईले कोनी विचारलं होतं का? तरी बोलली, 'जेवताना बी!'

बबनराव खुर्चीत फुगला. 'पाहा मॅडम! पोरीच्या जातीचा एवढा हात सुटते, मंजे घरचं वळनच तसं.'

म्हनलं, 'अन तुमचा पोरगा? पडलेल्या पोरीले म्हशीचा आवाज लावते?'

'म्हशीवानी पडली त काय कोकिळेचा लावाव?'

संपलं! तुमाले सांगतो, पुढचं मले काही दिसलंच नाही. टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलला अन देला बबनरावच्या नाकावर... कडकन! पृथ्वी फुटली का नाक? दोनी! त्यानं फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास घेतला अन खुपसला माह्या बरगडीत. मी गेलो बक्षिसाच्या ढाली ठेवलेल्या कपाटावर, काच सारी पाठीत! त्यानं हात धरला, पिरगळला, अन खांद्यातून असा आवाज आला जसा कोनी ऊस मोडला. प्रयागबाईनं चप्पल काढली, सोजरबाईनं तिचा अंबाडा धरला, हेडमास्तर टेबलाखाली, अन मॅडम मधात हुब्या, 'कृपया हिंसा नको, आपण संवाद करू...' तेवढ्यात कोनाचा तरी डस्टर त्याइच्या तोंडावर! पांढऱ्याफटक!

सोडवलं कोनं? दाराबाहेर हुबे होते त्याच दोन पोट्ट्याइनं! लखननं, डोक्याले पट्टी बांधलेली, बापाच्या कमरेले मिठी घातली. समीक्षा माह्यासमोर हुबी राह्यली. 'बाबा, बस ना! बस ना आता!' तिनं माहा शर्ट धरला, पन मी दुसरा हात उचलला त आंग चोरून मांगं सरली. लखनचं रक्त पाहून जी पोरगी नाही भेली ना, ते मले भेली. मले! खांद्याचं त जाऊ द्या, बसते. पन ते डोळे... जाऊ द्या.

मंग एकाच ऑटोत दोनी जखमी, सरकारी दवाखान्यात. समोर डायवरपाशी ते दोघं पोट्टे. लखन म्हनते, 'चुकलं माहं. काढून टाकला व्हिडिओ.' समीक्षा म्हनते, 'लय दुखते का रे टाके?' मांगं बबनराव नाकाले फडकं लावून मले पाहे, मी त्याले. याइनं त मिटवलं बी!

मोबाईलनं पोट्टे बिघडले म्हने!

मॅडम दवाखान्यात आल्या, कानात अजून खडूची भुकटी. म्हने, 'मुलांचं काम झालं माझं. आता पालकांचा गट घ्यायचाय. तुम्ही दोघं अगदी हवे तसे आहात.' नाही म्हनाले तोंड होतं का आमाले? आता दर शनिवारी मी अन बबनराव शाळेत, एकाच बाकावर! 'राग आला की डोळे मिटा, हळू श्वास घ्या.' मिटले डोळे. पन बबनरावचं ते मोडकं नाक पिपानीवानी वाजते हो! मले हासू फुटलं, त्यानं मले कोपर हानलं, मी त्याले लाथ देली, अन मॅडमनं दोगाइले वर्गाबाहेर काढलं.

खिडकीतून माहीच पोरगी वरडते, 'मॅडम, याइच्या मायबापाले बोलवा!'

अन बोलावलं, बावा! माहा म्हातारा येनार हाये या शनिवारी. सकाळपासून काठीले तेल लावून राह्यला.