फरशीच्या अलीकडं, फरशीच्या पलीकडं

माझं नाव इंदू. माहेर घोटीकडचं, सगळी भाताची खाचरं, त्यामुळं पावसाचं मला कोनी काय शिकवू नये. आमचे बाप सायकलीवर दूध घालायचे घोटीला, मागं दोन बाजूंनी दोन कॅन, आन घरी आले की सायकल मोकळी, मंग आम्ही भावंडं तिच्यावर. दांडीची सायकल ती, मी येवढीशी, दांडीखालून पाय घालून हाप पायडल मारायची. आई म्हनायची पोरीच्या जातीला कशाला पाहिजे, बाप म्हनायचे शिकू दे, कुठं अडायची नाय. आन खरंच नाय अडले बघा. लग्न होऊन इकडं आले, सातपूरच्या पुढं त्र्यंबक रोडला, फाट्यावरून आत आमची वस्ती. मालक सातपूरला कंपनीत व्हते, ते वारले तव्हा मिलिंद माझा सातवीत. त्यांचीच सायकल पुसली, सीट खाली घेतली आन दुसऱ्या महिन्यात मी कामाला लागले.

काम म्हंजे रबराचे पार्ट. मशीनीतनं निघत्यात त्यांच्या कडेला चामडीसारखं रबर ऱ्हातं, ते कात्रीनं कातरायचं. सकाळी आठ ते रात्री आठ. बोटं बघा, हे घट्टे त्याचेच. आता तुम्ही म्हनाल बसनं का नाय जायचं, अहो बस मेन रोडला सोडते, तिथून आत चालत यायचं अंधारात, आन रिक्षावाला वस्तीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. सायकल आपली हुकमी. मालन आन शोभा पन माझं बघून सायकली घेऊन लागल्या. मालन शेजारची, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. शोभा जरा बारकी, भित्री. आन पुढं मिलिंदचं लग्न झालं, मंग चौथी आमची सून, प्रज्ञा.

ही प्रज्ञा नाशिकरोडच्या कॉलनीतली. बारावी झालेली, दिसायला नाजूक, सायकल जन्मात चालवली नाय. तिची आई मला लग्नात बाजूला घेऊन म्हनली, ताई, पोर माझी रस्त्यानं एकटी कधी गेली नाही, सांभाळा. मी म्हनले माझी पोर समजून नेते. सहा महिने घरात बसली आन म्हनली आत्या, मी पन येते कामाला. मिलिंद नको म्हनत व्हता. मी म्हनले तुला काय करायचंय, ती काय तुझ्या टेम्पोत बसून चाललीय का. शाळेच्या मैदानात शिकवली तिला. मी मागून सीट धरून पळतीय आन ही हँडल धरून ओरडतीय आत्या सोडू नका, आत्या सोडू नका. सगळी वस्ती बघायला, हसून हसून लोळली लोकं. मी म्हनले हसा, तुमच्या सुनांना पन धाडा, फी घेईन. तर ते जाऊ द्या.

यायची आमची एक रीत व्हती. एकामागं एक, लाईन धरून. म्होरं मी, कारन बॅटरी माझ्याकडं, हँडलला बांधलेली, चार्जिंगची. माझ्या मागं प्रज्ञा, ती नवी म्हनून मधी. मंग शोभा. शेवटाला मालन, आन घंटी एकट्या मालननं वाजवायची, बाकी कोनी हात लावायचा नाय. शेवटाची घंटी ऐकू आली म्हंजे सगळ्या हायत, ऐकू नाय आली की मी थांबायचे. आधी तिघी, मंग चौघी, कितीतरी वर्सं अशाच आलो, कधी काय झालं नाय. आन पावसाचं अजून एक. माझा जेवनाचा डबा झाकनाला रबर असलेला, पानी जात नाय आत. मंग सुट्टी झाली की डबा धुवायचा, पुसायचा, चौघींचे मोबाईल त्यात घालायचे आन डबा माझ्या पिशवीत. वस्तीवर समाजमंदिराच्या पत्र्याखाली थांबायचं, जिचा तिला द्यायचा. हुशारीच वाटायची आम्हाला ती.

ते दिवस परतीच्या पावसाचे. हा पाऊस लय वंगाळ, दिवसभर ऊन आन संध्याकाळी आभाळ फाटतं. त्या दिवशी सुट्टी झाली तव्हा थेंब नाय, फाट्यावर आलो आन जे सुरू झालं, काय सांगू तुम्हाला. विजा अशा की रस्ता पांढरा व्हायचा आन दुसऱ्या घटकेला डोळ्यापुढं काळं. वाऱ्यानं सायकल आडवी ढकलतीय. वस्तीवरची लाईट गेलेली, म्होरं एक दिवा दिसत नाय. रेनकोटाच्या टोपीवर पानी असं वाजतंय की स्वताचं बोललेलं स्वताला ऐकू येईना. तरी मधून मधून मालनची घंटी यायची, ट्रिंग ट्रिंग, मला बरं वाटायचं.

आमच्या रस्त्याला मधी ओढा हाय, त्याच्यावर फरशी. पूल म्हनायचा म्हनून म्हनायचा, ठेंगना, कठडा नाय, कडंनं दगडाचे खुंट रोवलेत पांढरे. जोराचा झाला की पानी वरून जातं. आम्ही पोचलो तव्हा घोट्याइतकं चढलं व्हतं. फरशीवर खाली उतरायचं आन सायकल धरून चालायचं, ही पन रीतच. मी उतरले, पलीकडं जाऊन थांबले. मागून पान्यात पाय वाजत्यात, काळं काळं हालतंय, आन मंग मालनची घंटी, अगदी जवळ. म्हनले चला, शेवटची आली म्हंजे सगळ्या आल्या. बसले सायकलीवर आन निघाले.

समाजमंदिराच्या पत्र्याखाली आलो. टोपी काढली, पदर पिळला, डबा उघडला. अंधारच व्हता, बॅटरी सोडून मी काखेत धरलेली. हा शोभाचा, दिला. हा मालनचा, दिला. हा प्रज्ञाचा, घे गं. हात पुढं येईना. घे की गं, पाऊस काय तुझ्यासाठी थांबलाय का. तरी हात नाय. बॅटरी फिरवली तर शोभा, मालन आन मी. तीनच.

मालन म्हनली म्होरं गेली आसंल घरी. शोभा म्हनली माझ्या म्होरंच तर व्हती. मी म्हनले तुला दिसत व्हती का. तर ती रडायलाच लागली, म्हनली मला तुमची बॅटरी दिसत व्हती निस्ती, मी तिच्याकडं बघून चालवत व्हते. तव्हा ध्यानात आलं. शेवटची घंटी वाजतीय म्हंजे शेवटची हाय, येवढंच कळतं त्यातनं. मधली गेली तर घंटीला काय ठावं. येवढी साधी गोष्ट इतक्या वर्सांत चौघींपैकी एकीच्या पन डोक्यात आली नाय.

आन तेवढ्यात हातातला मोबाईल वाजला. प्रज्ञाचा. मिलिंदचं नाव आन फोटो. तो टेम्पो घेऊन निफाडला गेलेला, उद्या येनार. वाजून वाजून थांबला, परत वाजला. मी उचलला. आई तू, प्रज्ञा कुठंय. मी म्हनले हातपाय धुतीय, आत्ताच आलो, तू जेव. माझा आवाज कसा निघाला मला ठावं नाय. त्याला सांगून तो तिकडून काय करनार व्हता, गाडी वेडीवाकडी पळवली आसती. शोभाला म्हनले वस्तीतली माणसं उठव, दोर घेऊन पाठव. आन मी सायकल फिरवली. मालन मागून आलीच, न सांगता.

जाताना वारा समोरून. बॅटरी पिवळी पडत चाललेली. मी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत चाललीय, चारीत बघतीय, हाका मारतीय, आन डोक्यात एकच चाललंय, फरशीच्या अलीकडं सापडू दे, अलीकडं सापडू दे. तिच्या आईचं तोंड दिसाया लागलं मला. माझी पोर समजून नेते म्हनले व्हते ना मी.

अलीकडं नाय सापडली. फरशीपाशी आलो तर फरशीच नाय. निस्तं पानी, लाल, फेसाळलेलं, काटक्या, गवत, काय काय घेऊन चाललेलं, दगडी खुंटांची निस्ती डोकी वर. आन आवाज असा की जमीन हादरतीय. मी बोंबलले, प्रज्ञा, ए प्रज्ञा. माझं मला ऐकू येईना. बॅटरी मारली पान्यावर, तर मधल्या खुंटाला काय तरी अडकलेलं, निळं. प्रज्ञाचा रेनकोट निळा.

मंग मला कळलं नाय मी काय केलं. मालन सांगते मी सायकल टाकली आन चालू पडले पान्यात, गुडघ्यापर्यंत गेले तरी थांबेना. मला पोहायला येत नाय हो. भातखाचरात वाढले पन पोहायला नाय कधी शिकले. मालननं मागून वेनी धरली आन मागं ओढली, आम्ही दोघी चिखलात पडलो. मी तिला मारलं. सोड म्हनले, माझी पोर हाय तिथं. ती म्हनली ताडपत्री हाय बये ती, ताडपत्री, नीट बघ. वीज चमकली तव्हा दिसलं, ताडपत्रीचाच तुकडा व्हता, फडफडत व्हता. पन त्यानं काय, ती तिथं नाय म्हंजे कुठं हाय हे कोन सांगनार.

किती वेळ बसलो तिथं चिखलात, मला नाय सांगता यायचं. मालन माझा हात सोडंना. आन मंग पलीकडं उजेड दिसला. दोन दिवे, हालत हालत येनारे. ट्रॅक्टर. पान्याच्या काठाला येऊन थांबला आन त्याच्यावरून कोन तरी उतरून दिव्यापुढं येऊन उभं ऱ्हायलं, निळा रेनकोट. हात वर केला, असा, पंजा म्होरं करून. थांबा. पुढं येऊ नका. मी तिथंच बसून रडले, मोठ्यानं, पाऊस पडतोय आन मी रडतीय.

झालं असं व्हतं की फरशीच्या अलीकडं, म्हंजे तिच्या अलीकडं, फाट्याच्या बाजूला, तिची चेन पडली. ती कडंला घेऊन थांबा थांबा ओरडली, पन शोभा गेली, मालन गेली, कोनाला ऐकू नाय. दिवा नाय, मोबाईल नाय. चेन अडकून बसलेली, बोटानं निघंना. सायकल ढकलत फरशीपर्यंत आली तर पानी वाढलेलं. मागं वळली. तिथं आत एक पोल्ट्री हाय, पन अंधारात दिसती कशाला, कोंबड्यांच्या वासावर गेली पोर. पोल्ट्रीवाले बाबा म्हातारे, एकटेच ऱ्हात्यात. त्यांना म्हनली माझी सासू पलीकडून परत येईल, मला तिला दिसायचंय, उजेड आहे का तुमच्याकडं. तर त्यांनी ट्रॅक्टर काढला.

वस्तीची माणसं दोर घेऊन आली तर म्हनली आत्ता उतरता येनार नाय, पोरगी सुखरूप हाय, इंदूबाई तुम्ही घरी चला. मी हालले नाय. मी गेले आन ती उतरली पान्यात तर? ती पन हालंना. ट्रॅक्टर चालू, दिवे चालू, आन ही बया दिव्यापुढं पावसात उभी, डोक्यावर खताची गोनी. मी अलीकडून शिव्या घालतीय, अगं आत जाऊन बस ना पत्र्याखाली, अक्कल नाय का. तिला कुठं ऐकू येतंय. उभीच. मध्यरात्र टळून गेली, पानी उतरलं, मंग माणसं दोर धरून गेली आन तिला आनली. दात वाजत व्हते तिचे. मी अंग पुसता पुसता पन तिला बोललेच, येवढी शिकलेली, भिजत उभी ऱ्हायलीस, काय झालं आसतं म्हंजे.

दोन दिवसांनी मी गोनी परत द्यायला गेले पोल्ट्रीवर. बाबा म्हनले, बाई, चहा ठेवला व्हता पोरीला, शेगडी पेटवली व्हती, दहा वेळा म्हनलो आत बस. म्हनली नको बाबा. मी दिसेनाशी झाले की आमच्या आत्या पाण्यात उतरतील, त्यांना पोहता येत नाही. मला बाई तिथं उभं ऱ्हावेना. कोंबड्यांकडं बघून डोळे पुसले.

मिलिंदला सगळं कळलं तव्हा तो म्हनला दोघी बी काम सोडा. प्रज्ञा म्हनली चेन पडली म्हनून काम सोडतं का कोनी. आता जिचा मोबाईल तिच्याकडं ऱ्हातो, आन फरशीपाशी जिनं तिनं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. माझा गुडघा गेला, दिवाळीपासून मी घरीच. ती जाते. पूल व्हनार म्हनत्यात, व्हईल तव्हा व्हईल.

मंग असं आभाळ आलं की मी बॅटरी घेते आन फरशीवर जाऊन उभी ऱ्हाते, अलीकडच्या बाजूला. ती चिडते, आत्या तुमचा गुडघा, आत्या तुम्ही घरी बसा. मी म्हनते तू गप. मी दिसले पाहिजे ना तिला. आता बघा, बोलता बोलता आठ वाजत आले, वारा पन सुटला. मी उठते. तुम्ही पन निघा जपून, आन घरी जी कोन वाट बघत आसंल तिला आधी फोन करा. सुखी ऱ्हावा.