माप

(दुपार. शिवणाचं दुकान, दार लोटलेलं. मालकीण वारून अकरा दिवस झालेत. आत मालकिणीची धाकटी बहीण आणि मालकिणीची मुलगी.)

मावशी: ते काज उसवू नकोस, गिऱ्हाइकाचा कोट आहे तो. आणि उत्तर दे. काल चर्चमध्ये भाकरीचं ताट पुढे आलं, तू तसंच माझ्याकडे सरकवलंस. प्रभुभोजन होतं गं ते, पंगतीतलं लोणचं नव्हे.

भाची: भूक नव्हती असं समज.

मावशी: विनोद आईसारखा करतेस, पण तिच्यासारखं तोंड सरळ ठेवता येत नाही तुला. काय झालंय?

भाची: मी आईला मारलं.

मावशी: वेडी का खुळी? अर्धांगाचा दुसरा झटका आला तिला. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना?

भाची: जिवे नाही. थोबाडीत. जायच्या चार दिवस आधी. गोळी तिसऱ्यांदा थुंकली, धुतलेली चादर पुन्हा खराब. दोन दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हात उठला.

मावशी: अरे देवा.

भाची: म्हण ना, अजून म्हण काहीतरी.

मावशी: प्रभूकडे क्षमा मागितलीस?

भाची: रोज मागते. पण गाल त्याचा नव्हता, मावशी. जिचा होता ती गेली. तिच्या वतीने मला कोण सांगणार? तू? पाळकसाहेब?

मावशी: तेव्हा ती काय म्हणाली?

भाची: काय म्हणणार? अर्धं तोंड लुळं. ‘माप, माप’ करत राहिली. अंथरुणाला खिळली तरी डोक्यात शिवणच! मी टेप आणून हातात दिली. तिने ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. मग मी ओरडले, ‘कोणाचं माप घ्यायचंय आता? तुझंच का?’ हेसुद्धा बोलले मी.

मावशी: थांब. आजारपणात ती फळाला काय म्हणायची?

भाची: पळ. तू म्हणायचीस, कुठे पळू बाई, गुडघे दुखतात.

मावशी: आणि फडक्याला?

भाची: पडकं.

मावशी: ओठ मिटायचे, पण वारा सुटायचा नाही. ‘फ’ कुठे येत होता तिला?

भाची: नाही. नाही, तू माझी समजूत काढतेयस.

मावशी: मग टेप का ढकलली तिने?

भाची: आणि तीच माफी मागत असली तर? मार खाऊन वर पुन्हा तीच? ते नाही मला सहन व्हायचं.

मावशी: तिचा हात कुठे होता? चांगला हात.

भाची: माझ्या गालावर. मला वाटलं, उलट मारतेय. मी मान मागे घेतली.

मावशी: माफी मागायला कोणी गाल धरत नाही, बाळा.

भाची: तुला काय ठाऊक?

मावशी: माझ्याही गालावर होता तो हात. तिचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं ना, ते मी मोडलं. त्या घरी जाऊन नाही नाही ते सांगून आले. हेवा, दुसरं काय!

भाची: आईला माहीत होतं?

मावशी: वर्षभराने मीच सांगितलं. असा हात ठेवला आणि म्हणाली, ‘माफ केलं. आता हे अस्तर धर.’ लोक म्हणतात, काय जीव आहे बहिणीबहिणींचा! माझा नव्हता गं. त्या दिवशी जडला. मग बत्तीस वर्षं समोरासमोर मशीन मारली, वाढतच गेला. प्रभूवरही तेव्हापासूनच. त्याआधी नुसती गाणी म्हणायचे.

भाची: तुला बत्तीस वर्षं मिळाली! मला? ती होती तेव्हा घड्याळ बघत तिचं करायचे. आणि आत्ता, हे तू सांगितल्यावर, छातीत मावत नाहीये. कुठे नेऊ हे? कोणाचे पाय धुऊ?

मावशी: मला नाही माहीत.

भाची: असं नको ना म्हणू.

मावशी: पुढच्या प्रभुभोजनालाही माझ्या शेजारीच बस. प्याला आला की घे.

भाची: हात थरथरेल. सांडेल सगळं.

मावशी: माझा अजून थरथरतो.