करवंदीच्या जाळीत पुतळाबाई

(दिंडोरीजवळचा उघडा डोंगर. करवंदीच्या भल्यामोठ्या जाळीपुढे जेसीबी उभा.)

महेश : मशीन का बंद केलं, नौशाद?

नौशाद : महेशभाऊ, जाळीत माणूस आहे. आत्ता खोकलं.

महेश : कोण आहे आत?

पुतळाबाई : पुतळाबाई. खालच्या वाडीची, शेळ्यावाली.

महेश : आजी, बाहेर या. ही झुडपं काढायचीत. परवा इथं पाचशे झाडं लावायचा कार्यक्रम आहे, पाहुणे येणारेत.

पुतळाबाई : झाडं लावायला जाळी उपटायची? शाळेत हेच शिकवलं का रं बाबा तुला?

महेश : अहो, करवंद म्हणजे काय झाड आहे का?

पुतळाबाई : दुष्काळात सारा माळ करपला, हिचं पान नाय सुकलं. तवा तुझी झाडं कुठं व्हती?

महेश : नौशाद, हात धरून काढ त्यांना.

नौशाद : वाट कुठाय? चारी बाजूंनी काटे. बाही फाटली बघा. आजी, तुम्ही गेलात कुठून?

पुतळाबाई : चाळीस वर्सं करवंदं तोडते मी. माझी वाट तुला कशी दिसल?

महेश : गेल्या वर्षी तीनशे रोपं लावली, एक जगलं नाही. म्हणून यंदा सगळं साफ करून लावतोय.

पुतळाबाई : जगतीन कशी? माझ्याच शेळ्यांनी खाल्ली.

महेश : आणि वर तोंडानं सांगताय?

पुतळाबाई : मग? वाढलेलं ताट उघडं ठेवलं तर शेळी उपास करल का? पण इथं आत सहा झाडं हायेत. तीन आवळे, दोन आपटे, एक बेहडा. बी पाखरांनी टाकलं, राखण हिनं केली. माझ्या एका शेळीचं तोंड आजवर पोचलं नाय. ऐक,
काटेरी माझी माय, तिला शिवू नये कोणी,
पदराखाली तिच्या सहा लेकरं देखणी.

नौशाद : खरंय, भाऊ. या फटीतून बघा, आवळा दिसतो. माझ्या खांद्याएवढा झालाय.

महेश : तू मशीन चालू कर. घाबरून येतील बाहेर.

नौशाद : बाई आत असताना? आपल्याच्यानं नाय होणार. दुसरा ऑपरेटर बघा. ही घ्या चावी.

महेश : आजी, शेवटचं सांगतो. मोठ्या साहेबांना बोलावीन. ते स्वतः येऊन काढतील तुम्हाला.

पुतळाबाई : बोलाव की. भाकर बांधून आणलीय मी. फक्त सांगून ठेव त्यांना, आत यायचं तर वाकून यावं लागल.